कायमचा पत्ता : सोलापुरातले पाच दिवस

शुक्रवार, ९ जानेवारी

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस इतकी भरते की पाय ठेवायला जागा उरत नाही. हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी, पाठीवर लॅपटॉप अडकवलेली पोरं. दाराशी बसकण मारलेले बिगारी. रात्रपाळीला एक दिवसाची सुटी मिळालेला वॉचमन. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या दोघी, मांडीवर तिळगुळाचं सामान घेऊन. कुठे उतरणार असं विचारलं तर माढा, कुर्डुवाडी, मोहोळ, सोलापूर. आणि सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, "गावाला चाललोय." दहा-दहा वर्षं पुण्यात काढलेली माणसंही तेच म्हणत होती.

मी सुटीच्या दिवशी पुण्यात कामगारांचे अर्ज भरून द्यायला बसते. रेशनकार्ड, ई-श्रम, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, मुलांचे शाळेचे दाखले. इतक्या वर्षांत एक गोष्ट पाठ झाली आहे : नाव, वय, आधार क्रमांक धडाधड लिहून होतं आणि पेन अडतं ते 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी. समोरचा माणूस माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. गावाकडचा पत्ता लिहिला तर इथल्या योजनेत बसत नाही. इथला लिहावा तर खोलीमालक भाडेकरार करून देत नाही. बांधकाम मंडळाला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तीन ठेकेदारांकडे तीस-तीस दिवस केलेल्या माणसाला तो द्यायला एकही ठेकेदार तयार नसतो. माझ्यासमोर बसणाऱ्यांतले निम्मेअधिक सोलापूर जिल्ह्यातले. म्हणून ठरवलं, एकदा तिथे जाऊन बघायचं. माणसं निघतात कुठून ते तर बघायचंच, पण सोलापुरात बाहेरून येतं कोण हेही बघायचं. कारण सोलापूर सोडणारे जितके आहेत तितकंच सोलापूर हे येणाऱ्यांचंही गाव आहे.

भिगवण मागे पडलं तेव्हा बाहेर उजनीचं पाणी होतं. अंधारात दिसलं काही नाही, गार वारा तेवढा आत आला. १९८० साली हे धरण पुरं झालं आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा ऊसवाला झाला. त्याच पाण्याने भीमाकाठची गावं उठवली. आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. तरी रोज संध्याकाळी ही गाडी भरते.

उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. मैत्रीण रिक्षा घेऊन आली होती.

शनिवार, १० जानेवारी

सकाळी पूर्व भागात फिरले. सोलापूरकर या भागाला नुसतं 'पूर्व भाग' म्हणतात आणि त्यात सगळं येतं : मार्कंडेयाचं देऊळ, दुकानांवरच्या तेलुगू पाट्या, तेलुगू माध्यमाच्या शाळा, बोळाबोळांतून येणारा मागांचा खडखडाट. हा खडखडाट पूर्वी कितीतरी मोठा होता म्हणतात. पद्मशाली विणकर तेलंगणातून, नलगोंडा, करीमनगर, वरंगळकडून इथे आले. काही हातमागाच्या धंद्यामागे, काही दुष्काळाने हाकललेले. १८७० च्या दशकात इथे पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी निघाली आणि भोंग्यावर चालणारं शहर उभं राहिलं. मिल बंद झाल्या, हातमागांचे यंत्रमाग झाले, चादरीच्या जोडीला टॉवेल आला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. विणणाऱ्याला महिन्याचा पगार मिळाला असं मात्र फार थोड्या ठिकाणी झालं.

माग हे पुरुषांचं काम आणि बिडी बायकांचं, अशी इथल्या घरांची वाटणी. मैत्रिणीच्या ओळखीने एका घरी गेले. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. दारातच अक्का मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. "कूर्चो, बसा बसा," म्हणाल्या, आणि हात न थांबवता सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी तासभर त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. तेंदूचं पान रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असतं. एक पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा छोटा चौकोनी साचा ठेवायचा, कात्रीने कडेने कापायचं. शिरा जाड असेल तर ते पान बाजूला. मग चिमूटभर तंबाखू, किती ते बोटांना ठाऊक. पान एका बाजूने निमुळतं राहील असं वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, आणि तोंडाकडची कड नखाने आत दुमडायची. अक्कांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध खोलगट झालं आहे. "चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "लग्नाला मुलगी बघायला यायचे ना, तेव्हा स्वयंपाक विचारत नव्हते. दिवसाला बिडी किती करते ते विचारायचे."

त्या सकाळी सहाला बसतात. स्वयंपाक, पाणी, नातवंडं सांभाळून दिवसाकाठी सातशे-आठशे होतात. पंचवीसची एक जुडी. जुड्या टोपलीत भरून बिडी कंपनीच्या ब्रँचवर न्यायच्या. तिथे तपासणारा एकेक जुडी उलटीसुलटी करतो आणि पसंत न पडलेल्या बिड्या बाजूला टाकतो, ती 'छाट'. छाटीचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू मात्र वापरलेलं असतं. शिवाय हजाराला म्हणून जे पान वजन करून देतात त्यात हजार होत नाहीत. कमी पडलेलं पान बाजारातून स्वतःच्या पैशाने आणावं लागतं.

मी विचारलं, "अक्का, बिडी कामगाराचं कार्ड आहे ना?"

आहे. ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर आणखी एक पिशवी. बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. बिडीवर उपकर बसायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत. अक्कांच्या मुलीची दहावी त्या शिष्यवृत्तीवर झाली. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. म्हणजे ज्या बिडीमागे या बायकांच्या दवाखान्यासाठी थोडे पैसे बाजूला पडायचे, ते थेट पडायचे थांबले. या गोष्टीची पुण्यामुंबईत कुणी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. मला ती फार मोठी गोष्ट वाटते. जिथे मालक सापडत नाही, कामाची जागा म्हणजे स्वतःचं घरच आहे, तिथे वस्तूवर कर बसवून कामगाराचा हक्क राखायचा, ही त्या जुन्या कायद्याची अक्कल होती. असा कायदा घरी बसून काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हवा होता. होता तोच आपण पातळ केला.

अक्कांच्या सासऱ्यांचे वडील नलगोंड्याकडून चालत आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता, दम लागतो म्हणून आता घरी. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. "इकडं माग आहे की, मग तिकडं का?" म्हटल्यावर त्या हसल्या. "इकडचा माग भंगारात गेला. पोटाच्या मागं जावं लागतंय." पाच पिढ्यांत दोनदा गाव बदललं, आणि काम तेच राहिलं.

निघताना त्यांनी नातीची वही दाखवली. नात मराठी शाळेत जाते, घरात तेलुगू बोलते, शेजारणीशी कानडी आणि गल्लीत दखनी. चार भाषा येणाऱ्या त्या मुलीच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, 'भाषा कच्ची'.

रविवार, ११ जानेवारी

मोहोळ तालुक्यात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारीचा एखादा पट्टा, कणीस भरलेलं. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर, त्यावर उसाचा डोंगर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना उद्या कुणी जाब विचारू नये.

माळावर चाळीसेक कोप्या. बांबूच्या कमानी वाकवून त्यावर पाचट आणि वरून निळा-काळा कागद. आत वाकून जायचं आणि बसूनच राहायचं. संडास नाही, वीज नाही. पाणी शेतकऱ्याच्या बोअरचं, तो मोटर लावेल तेव्हा. ही टोळी बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की निघतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत इथेच. घरी म्हातारीकोतारी राहतात.

दुपारी सगळे उसाच्या फडात होते. कोयता खाली, अगदी बुडाशी मारावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा कमी येतो म्हणून बोलणी. नवरा तोडतो, बायको पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरमध्ये चढते. ती फळी मी जवळून पाहिली. वीतभर रुंद, ट्रेलरला तिरकी टेकवलेली, चिखलाने गुळगुळीत. सातव्या महिन्यातली एक बाई त्या फळीवरून मोळी घेऊन चढत होती. मी "अगं, अगं" म्हणाले. ती म्हणाली, "खाडा पडला तर कापून घेत्यात, ताई."

खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. बाकीचा हिशोब रात्री कळला. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे. कुणी लग्नासाठी, कुणी दवाखान्यासाठी, कुणी मागची उचल फिटली नाही ती फेडण्यासाठी. उचल दिली जाते 'कोयत्याला', आणि कोयता म्हणजे जोडपं. नवराबायको दोघं मिळून एक कोयता. हिशोब एक, अंगठा एक, तो नवऱ्याचा. टोळीच्या वहीत चाळीस कोयते होते, मी ती वही हातात घेऊन पाहिली. चाळीस बायका त्या वहीत कुठेच नव्हत्या.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे आकडे मी अनेकदा वाचले होते. त्या रात्री एका कोपीत चुलीभोवती सात बायका बसल्या होत्या. विषय मी काढलाच नव्हता, एकीने दुसरीकडे बोट दाखवून म्हटलं, "हिची काढली, माझी काढली, आता हिचीबी काढायची म्हणत्यात." पाळीत खाडा परवडत नाही, पाण्याची-आडोशाची सोय नाही, आणि दुखलं की डॉक्टर एकच उपाय सांगतो. सगळ्या पस्तिशीच्या आतल्या. वाचलेला आकडा चुलीच्या उजेडात असा समोर बसलेला पाहिला आणि मला काही बोलता आलं नाही. मी भाकरी थापू लागले. त्या म्हणाल्या, जमतंय की तुम्हाला.

धोरणं नाहीत असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे १० रुपये त्यासाठी द्यायचे असं ठरलं. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढला. या टोळीत ओळखपत्र किती जणांकडे, असं विचारलं. ते ग्रामसेवक देतो, गावात. गावात ते असतात पावसाळ्यात, आणि तेव्हा पेरणी-खुरपणीला कुणाच्या तरी रानात. चाळीस कोयत्यांत अकरांकडे कार्ड निघालं.

आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. स्थलांतरित कामगारांसाठी आपल्याकडे १९७९ चा कायदा होता. ठेकेदाराची नोंद, प्रवासभत्ता, राहायची जागा, औषधपाणी, सगळं त्यात लिहिलेलं. पण तो फक्त आंतरराज्य कामगारांसाठी. बीडहून कर्नाटकात तोडणीला गेलेला माणूस त्यात बसायचा आणि बीडहून सोलापूरला आलेला बसायचा नाही; वाटेत राज्याची हद्द लागत नाही ना! २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तरी व्याख्या तीच राहिली : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला तोच स्थलांतरित. कोपी तीच, फळी तीच, उचल तीच. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला आपला मुक्काम हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारून हक्क देणं, हे मला कायद्याचं काम वाटत नाही. निदान महाराष्ट्राने आपल्याच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठी स्वतःचा कायदा करायला काय हरकत आहे? १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने रोजगार हमी उभी केली आणि पुढे देशाने ती उचलली. तेव्हा जमलं होतं.

रेशनचंही असंच. कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण कार्ड एक आणि चुली दोन. एक इथे, एक गावाकडे म्हाताऱ्यांची. इथे उचललं तर तिकडचं कमी. जवळच्या दुकानदाराने सांगितलं, "तुमच्यासाठी जादा कोटा येत नाही." मग धान्य किराणा दुकानातून उधारीवर.

टोळीतली एक पाचवीतली मुलगी दिवसभर धाकट्या भावाला काखेत घेऊन माझ्यामागे फिरत होती. निघताना गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं. ते दाखवलं की कुठल्याही शाळेत बसता येतं. तिने ते कोपीच्या बांबूत खोचून ठेवलं होतं. शाळा तीन किलोमीटरवर. गेली का? "एक दिस गेले. मग फड बदलला." आणि भाऊ कुणाकडे ठेवायचा? तिने मला विचारलं, पाचवीच्या गणिताचं पुस्तक मिळंल का. दप्तरात मराठीचं होतं, गणिताचं गावाकडे राहिलं. मी म्हटलं, पाठवते.

सोमवार, १२ जानेवारी

रात्री तिथेच राहिले. चार वाजता कोप्यांत चुली पेटल्या. थंडी अशी की दात वाजत होते. पाचला ट्रॅक्टर आला, मुलं झोपेतच उचलून ट्रेलरमध्ये ठेवली, सगळा माळ रिकामा झाला.

दुपारी सोलापुरात परतले. आज हुतात्मा दिन. १९३० च्या मे महिन्यात या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौकात हारांचे ढीग होते. नावं पुन्हा वाचली तर गिरणगावाची सगळी सरमिसळ त्या चार नावांत दिसते. गड्ड्याची यात्रा तोंडावर आल्याने शहरभर गर्दी होती.

तिथून सेटलमेंट भागात गेले. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढंच सांगितलं की पुरतं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि फिरत्या माणसांना तारेच्या कुंपणात आणून बसवलं. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास, कामाला गिरणीत. १९५२ साली कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली, वस्तीचं नाव तसंच राहिलं.

तिथल्या एका आजोबांनी नातवाच्या जातीच्या दाखल्याची फाईल काढून दाखवली. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. फाईल चांगली चार बोटं जाड. ते म्हणाले, "आमच्या आज्याचं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं बाई, दुसरीकडं कुठंच नव्हतं. आता ते पुस्तक कुठं शोधू?" ज्यांना फिरतात म्हणून कोंडलं, त्यांच्याकडे आता विचारणा होते की एका जागी राहिल्याचा कागद दाखवा. मी फाईल चाळली, दोन कागदांच्या सत्यप्रती कशा काढायच्या ते लिहून दिलं. तेवढंच करता आलं.

मंगळवार, १३ जानेवारी

शेवटचा दिवस कुंभारीला. अक्कलकोट रस्त्यावर शहर संपलं की माळरानावर एकदम घरांच्या रांगा सुरू होतात. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची बिडी कामगारांची वसाहत, १०,००० घरांची. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती सुपूर्त केली. त्यानंतर रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना आणि त्यांतल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. दोन्हीमागे कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि त्यांच्याबरोबर मोर्चात चाललेल्या हजारो बिडी कामगार बायका. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, दोन वेगळी दशकं, आणि मागणी करणारे तेच. धोरण दिल्लीत ठरतं हे खरं. पण या माळावर उभं राहिलं की ते किती पायपिटीनंतर ठरतं तेही कळतं.

एका घरी गेले. दारावर आकड्यांत घराचा नंबर, त्याखाली खडूने काढलेली रांगोळी. आतल्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा लाइटचं बिल माझ्या नावावर आलं. ते मी फाडलं नाही, ठेवलंय." त्यांनी ते खरंच दाखवलं. पाठोपाठ हेही सांगितलं की कामाला शहरात जायचं तर रिक्षाला रोजचे पैसे जातात, मोठी शाळा लांब आहे. नवरा मागावर रात्रपाळी करतो तेव्हा कारखान्यातच झोपतो. म्हणजे घराला पत्ता मिळाला, कामाला अजून तिथपर्यंत वाट झाली नाही. पण आतापर्यंत भेटलेल्यांत 'कायमचा पत्ता' विचारल्यावर न अडखळता बोलणारी ही पहिलीच बाई. नंबर, गल्ली, कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, एका दमात.

दुपारी नवी पेठेतून पाचवीचं गणिताचं पुस्तक घेतलं, दोन वह्या आणि कंपासपेटी. मुकादमाला फोन लावला. त्या माळावरून टोळी कालच हलली होती. "कुठं?" "आज पलीकडच्या शिवारात आहोत. परवा कुठं टाकतील ते चिटबॉय सांगंल." चिटबॉय म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. पोस्टातल्या माणसाने पाकीट वजन करून परत दिलं, पिनकोड नाही म्हणाला.

मग संध्याकाळी स्टेशनवर बसून त्या मुलीच्या गावच्या शाळेत फोन केला. शिक्षण हमी कार्डावरचा नंबर मी टिपून घेतला होता. बाईंनी मुलीचं नाव सांगताच ओळखलं. "हुशार आहे हो ती," म्हणाल्या. "पाठवा शाळेच्या पत्त्यावर, मी ठेवून घेते. एप्रिलमध्ये येतील ते लोक."

परीक्षाही एप्रिलमध्येच आहे.